अपडेट तपासताना कॉम्प्युटर तापतो तेव्हा: सेवा केंद्र नव्याने चालवणाऱ्यांसाठी

चोपडा, यावल, शिरपूर, शहादा या भागात सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान किंवा चार मशीनची छोटी लॅब नव्याने सुरू केलेल्या मुलामुलींची एक तक्रार ठरलेली असते. सकाळी मशीन चालू केलं की पंखा घोंघावतो, माउस अडखळतो, पोर्टलचं पान गोल गोल फिरत राहतं आणि समोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसं ताटकळलेली असतात. मग फोन येतो, ‘दादा, मशीन गरम व्हई राहिनं, आते काय करानं?’

व्हायरसच शिरला असेल असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. विंडोजमधली किंवा एखाद्या प्रोग्रॅममधली ‘नवीन अपडेट आलंय का’ हे तपासणारी यंत्रणा प्रोसेसर धरून बसलेली असते. तेवढ्यात ओळखीचा कुणीतरी सांगतो, ‘अपडेटच बंद करून टाक, मशीन पळायला लागेल.’ हा सल्ला मानू नका. त्याची कारणं पुढे येतीलच. तुम्हाला शिकायचं आहे ते एवढंच: ही यंत्रणा काम करतेय की अडकलीय हे ओळखणं. काम करत असेल तर तिला आपल्या सोयीची वेळ द्यायची, आणि अडकली असेल तरच दुरुस्तीला हात घालायचा.

आधी बघा

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये छोटीच खिडकी आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. वर ‘सीपीयू’ (म्हणजे प्रोसेसर) लिहिलेल्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त ताकद खाणारा प्रोग्रॅम यादीत वर येतो. उघडल्या उघडल्या दिसणारे आकडे खरे धरू नका, कारण टास्क मॅनेजर स्वतःही सुरुवातीला थोडा प्रोसेसर वापरतो. अर्धा मिनिट माउसला हात न लावता नुसतं बघत राहा.

अपडेटच्या कामात जी नावं वर येतात ती ओळखून ठेवा. ‘सर्व्हिस होस्ट: विंडोज अपडेट’ ही प्रत्यक्ष तपासणी करणारी सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम. ‘मोयूएसओ कोअर वर्कर प्रोसेस’ ही तपासणी कधी करायची याचं वेळापत्रक सांभाळते. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’, ज्याला कारागीर लोक टायवर्कर म्हणतात, तो उतरवून घेतलेलं अपडेट सोडवून जागच्या जागी बसवतो, आणि प्रोसेसर सगळ्यात जास्त तोच खातो. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ म्हणजे अपडेट उतरवून घेणारा. काही अपडेटनंतर ‘डॉट नेट रनटाइम ऑप्टिमायझेशन सर्व्हिस’ही थोडा वेळ वर दिसते. ती आपलं काम उरकून आपोआप शांत होते, तिच्या वाटेला जाऊ नका.

‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ वर असेल तर तो विंडोजचा स्वतःचा व्हायरस तपासनीस आहे. नव्या फाइली आल्या की तो त्या तपासतो, म्हणून अपडेटच्या वेळी ही जोडी बरोबरच दिसते.

मशीनमध्ये साडेतीन जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर मात्र गोंधळ होतो. अशा मशीनवर विंडोज अनेक सेवा एकाच ‘सर्व्हिस होस्ट’मध्ये कोंबतं, त्यामुळे नेमकी कोणती सेवा ताकद खातेय ते पटकन कळत नाही. त्या ओळीच्या डावीकडच्या छोट्या बाणावर क्लिक करून आतली नावं वाचा.

टक्केवारी वाचायला शिका

नवीन माणूस इथेच फसतो. सीपीयूच्या रकान्यात २५ टक्के दिसले की त्याला वाटतं, अजून ७५ टक्के मोकळे आहेत, मग मशीन अडकतंय कशाने? तर प्रोसेसरच्या आत वेगवेगळं काम करणारे अनेक भाग असतात, त्यांना कोअर म्हणतात, आणि हा आकडा त्या सगळ्यांची बेरीज धरून काढलेला असतो. टास्क मॅनेजरमध्येच ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’वर जा. खाली ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ समोर एक संख्या दिसेल. ती ४ असेल तर एका लॉजिकल प्रोसेसरची पूर्ण ताकद म्हणजे साधारण २५ टक्के, २ असेल तर ५० आणि ८ असेल तर १२ ते १३ टक्के.

आता असं समजा, की चार लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर विंडोज अपडेटची सेवा बराच वेळ पंचविसाच्या आसपास चिकटून बसलीय. आकडा २४, २५, २५, २४ असाच. त्याच वेळी ‘डिस्क’ आणि ‘नेटवर्क’चे रकाने शून्याजवळ आहेत. याचा अर्थ एक कोअर पूर्ण भरलेला आहे, पण फाइल वाचणं-लिहिणं नाही की इंटरनेटवरून काही येणं नाही. तपासणी स्वतःभोवतीच फिरतेय. अडकल्याची माझ्या पाहण्यातली सगळ्यात भरवशाची खूण हीच.

उलट, आकडा ८ वरून ४० वर, मग १५ वर, असा खालीवर होत असेल आणि डिस्कही हलत असेल तर काम चाललंय. मशीन मंद वाटेल, पण ते अडकलेलं नाही.

तिसरा प्रकार जुन्या मशीनवर नेहमीचा: सीपीयू ३० टक्केच, पण डिस्क १०० टक्के. इथे प्रोसेसरला दोष देऊन उपयोग नाही. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क अपडेटच्या हजारो छोट्या फाइलींपुढे टिकत नाही. अशा मशीनवर सेटिंग बदलण्यात दिवस घालवण्यापेक्षा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या. सेकंडहँड मशीन घेऊन केंद्र सुरू करणाऱ्यांना मी तरी आधी एसएसडी, मग रॅम, आणि बाकीचं नंतर असंच सांगतो.

नुसतं तपासायला एवढी ताकद का लागते?

‘अपडेट आहे की नाही’ हा प्रश्न हो-नाहीचा वाटतो, पण मशीनसाठी तो तसा नसतो. आपल्यात कोणकोणते भाग आहेत, कोणत्या आवृत्तीचे आहेत, सर्व्हरच्या यादीतली कोणती दुरुस्ती कोणत्या भागाला लागू पडते, आणि कोणत्या नव्या दुरुस्तीने कोणती जुनी रद्द केलीय, हे सगळं त्याला जुळवून बघावं लागतं. जुन्या गटाचा सातबारा लावताना तलाठी आप्पा फेरफाराच्या नोंदी मागे मागे बघत जातात ना, या फेरफाराने तो रद्द, त्याने त्याच्या आधीचा रद्द, तसंच हे. साखळी जितकी लांब, तितका वेळ जास्त.

ही साखळी किती त्रास देऊ शकते ते २०१३ मध्ये विंडोज एक्सपीवर जगाने पाहिलं. इंटरनेट एक्सप्लोररच्या दुरुस्त्यांची, एकीने दुसरी रद्द केल्याची साखळी इतकी लांबली होती, की तिच्यात एकेक दुरुस्ती वाढली की तपासणीचा वेळ पटीत वाढायचा. जुन्या मशीनचा प्रोसेसर १०० टक्क्यांवर जाऊन तासन्‌तास तिथेच राहायचा. शेवटी मायक्रोसॉफ्टने रद्द झालेल्या जुन्या दुरुस्त्या यादीतून काढल्या तेव्हा २०१४ च्या सुरुवातीला तो त्रास थांबला. पुढे विंडोज ७ वरही अशाच लांब तपासण्यांनी लोक हैराण झाले होते. विंडोज १० पासून दर महिन्याला एकच एकत्रित अपडेट येतं. मागचं सगळं त्यातच असतं, त्यामुळे तपासणी पूर्वीपेक्षा बरीच हलकी झाली. जड राहिलं ते बसवण्याचं काम.

म्हणून आजच्या मशीनवर खुद्द तपासणीच तासन्‌तास प्रोसेसर धरून बसली असेल, तर काहीतरी बिघडलंय असं समजायला हरकत नाही.

गर्दी नेमकी सकाळीच का?

विंडोजची देखभालीची कामं रात्री २ वाजता उरकायची अशी मुळातली मांडणी आहे. आपण तर दुकान बंद करताना बोर्डावरचं बटणच बंद करतो. रात्रीची कामं राहून जातात आणि सकाळी मशीन चालू होताच, जरा मोकळीक मिळाली की सुरू होतात.

त्यात मायक्रोसॉफ्टचं मासिक अपडेट प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी १० वाजता बाहेर पडतं. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते, उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे ते आपल्या मशीनवर उतरतं बुधवारी सकाळी, ऐन कामाच्या वेळी. कॅलेंडरवर दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी खूण करून ठेवा. त्या दिवशी मशीन मंद झालं तर कारण हुडकत बसायची गरज नाही.

उपाय सोपा आहे. त्या बुधवारी रात्री मशीन बंद करू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, झाकण उघडं ठेवून, टेबलाच्या सपाट भागावर ठेवा. गादी-उशीवर ठेवू नका. पॉवरच्या सेटिंगमध्ये, चार्जर लावलेला असताना मशीन झोपायची (‘स्लीप’) वेळ ‘नेव्हर’ करा, स्क्रीन बंद होऊ द्या. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर मात्र रात्री चालू ठेवू नका. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि अपडेट बसत असताना वीज गेली की पुढचं दुखणं मोठं असतं. मग दुपारची जेवणाची वेळ किंवा बाजाराचा दिवस नसलेली संध्याकाळ निवडा आणि स्वतः समोर बसून अपडेट उरका.

‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ नावाची सोय विंडोज १० मध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच, आणि विंडोज ११ मध्ये त्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आहे. केंद्राची वेळ तिथे टाका, सकाळी ९ ते संध्याकाळी ७ अशी. जास्तीत जास्त १८ तास देता येतात. पण यातून मिळतं काय ते नीट समजून घ्या. त्या वेळेत मशीन आपोआप रीस्टार्ट होणार नाही, एवढंच. तपासणी आणि उतरवून घेणं त्या वेळेतही चालू राहतं. अ‍ॅक्टिव्ह अवर्स लावले तरी पंखा का घोंघावतो, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

जूनमध्ये प्रवेशाच्या दाखल्यांची झुंबड असते, केळीच्या पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की तशीच. अशा वेळी ‘पॉज अपडेट्स’ वापरा. विंडोज १० मध्ये ३५ दिवस आणि विंडोज ११ मध्ये ५ आठवडे, म्हणजे तेवढेच, अपडेट थांबवता येतं. मुदत संपल्यावर आधी राहिलेलं अपडेट घ्यावं लागतं, त्यानंतरच पुन्हा थांबवता येतं. बंद करणं आणि पुढे ढकलणं यात हाच फरक आहे आणि ढकलणं पूर्णपणे योग्य आहे. गर्दी ओसरली की ‘रिझ्यूम’ दाबायचं तेवढं विसरू नका.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर वायफायच्या नावावर जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग विंडोज आपण होऊन मोठं अपडेट उतरवणार नाही. डेटाही वाचेल.

लॅबमध्ये चार-सहा मशीन एकाच राउटरवर असतील तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये ‘डिव्हायसेस ऑन माय लोकल नेटवर्क’ हा पर्याय निवडा. एका मशीनने उतरवलेलं दुसऱ्यांना मिळतं. इंटरनेटवरच्या परक्या मशीनशी वाटून घेण्याचा पर्याय निवडू नका, नेट आधीच तुटपुंजं असतं.

किती वेळ थांबायचं

माझा ठोकताळा असा: एसएसडी असलेल्या मशीनला अर्धा-पाऊण तास, जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनला दोन तास. एवढा वेळ त्याला त्याचं काम करू द्या. या काळात टायवर्करवर राइट-क्लिक करून ‘एंड टास्क’ दाबायचा मोह आवरा. तो फाइली बसवत असतो. अर्ध्यात मारला की बसलेलं मागे घ्यावं लागतं आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. आज वाचवलेले दहा मिनिट उद्या तासभर घेतात.

ठरवलेला वेळ उलटूनही तीच परिस्थिती असेल, तर दुरुस्तीला लागा.

अडकलं असेल तर, या क्रमाने

पहिली गोष्ट रीस्टार्ट. शटडाऊन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं, त्यात शटडाऊन करताना विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत उचलला जातो. अडकलेली सेवा अडकलेलीच परत येते. स्टार्ट मेनूतून ‘रीस्टार्ट’ निवडलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करायची सवयच लावून घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मग सी ड्राइव्हची रिकामी जागा बघा. जागा कमी असेल तर अपडेट उतरतं, बसत नाही, मागे फिरतं, आणि पुन्हा तेच सुरू होतं. दररोज प्रोसेसर तापतो आणि पदरात काही पडत नाही. स्कॅन केलेल्या आधार कार्डांच्या आणि फोटोंच्या जुन्या फाइलींनी डाउनलोड्सचं फोल्डर गच्च भरलेलं असतं. लोकांची कागदपत्रं अशी पडून राहणं तसंही धोक्याचं आहे, काम झालं की ती काढून टाका आणि रिसायकल बिनही रिकामं करा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’, ‘टेम्पररी फाइल्स’ इथे जाऊन ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ला टिक करून काढा. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं, त्यावर टिक नाही ना ते दोनदा बघा. मी निदान २० जीबी तरी मोकळी ठेवायला सांगतो.

तिसरं, विंडोजचा स्वतःचा ट्रबलशूटर. विंडोज ११ मध्ये ‘सिस्टिम’, ‘ट्रबलशूट’, ‘अदर ट्रबलशूटर्स’मध्ये विंडोज अपडेटसमोर ‘रन’ दाबा. विंडोज १० मध्ये तो ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली ‘ट्रबलशूट’मध्ये सापडेल. कधी लागू पडतो, कधी नाही, पण नुकसान करत नाही.

यानेही नाही झालं तर तपासणीची वही नवी करायची. विंडोज आजवरच्या तपासण्यांची नोंद आणि उतरवलेल्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवतं, त्याचं नाव ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’, मध्ये जागा न सोडता. ही नोंद बिघडली की तपासणी गरगरत राहते. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ टाइप करून ती खिडकी उघडा. यादीत ‘विंडोज अपडेट’ शोधा, राइट-क्लिक, ‘स्टॉप’. मग ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’ शोधून तीही थांबवा. आता सी ड्राइव्हमधल्या ‘विंडोज’ फोल्डरमध्ये जा, ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’ फोल्डरचं नाव बदला, शेवटी ‘जुनं’ अशा अर्थाचं काहीतरी जोडा. डिलीट करू नका, नावच बदला. फोल्डर वापरात आहे असं म्हणाला तर सेवा पुन्हा चालू झाली असेल, परत थांबवा आणि लगेच नाव बदला. झालं की दोन्ही सेवा ‘स्टार्ट’ करा आणि मशीन रीस्टार्ट करा.

विंडोज त्या नावाचं नवं फोल्डर आपोआप बनवेल. पहिली तपासणी नेहमीपेक्षा लांबेल, प्रोसेसरही वर जाईल, घाबरू नका, नोंद पहिल्यापासून होतेय. आधी बसलेल्या अपडेट्सची यादी रिकामी दिसेल, पण ती अपडेट्स मशीनमध्ये जागच्या जागीच आहेत. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं की जुनं फोल्डर काढून टाका.

शेवटचा उपाय म्हणजे विंडोजच्या फाइली दुरुस्त करणं. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करा, वर आलेल्या ‘कमांड प्रॉम्प्ट’वर राइट-क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. फोनवर सांगतो तसंच इथे सांगतो. इंग्रजीत लिहा: डीआयएसएम, जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून ऑनलाइन, जागा, तिरकी रेघ, चिकटून क्लीनअप, आडवी छोटी रेघ, इमेज, जागा, तिरकी रेघ, चिकटून रिस्टोअरहेल्थ. रिस्टोअर आणि हेल्थ जोडून. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. एंटर दाबा. नेट चालू हवं. टक्केवारी मध्येच बराच वेळ एका जागी थांबते, खिडकी बंद करू नका. ते पूर्ण झालं की दुसरी आज्ञा: एसएफसी, जागा, तिरकी रेघ, चिकटून स्कॅननाऊ. ही संपली की रीस्टार्ट.

विंडोज सोडून बाकीचे तपासनीस

ब्राउझर, पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम, जावा, लॅपटॉप कंपनीचा मदतनीस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, प्रत्येकाने आपापला अपडेट तपासणारा मशीनमध्ये बसवलेला असतो. एकेकटा हलका असतो, पण सकाळी मशीन चालू होताना सगळे एकदम उठतात.

धरणगावकडच्या एका केंद्रात पंखा दिवसभर फिरायचा, विंडोज अपडेट मात्र शांत होतं. यादीत वर एका प्रिंटर कंपनीचा अपडेट तपासनीस होता, एक अख्खा कोअर धरून. तो प्रिंटर विकून बरेच महिने झाले होते. सॉफ्टवेअर मागे राहिलं होतं आणि नसलेल्या प्रिंटरला शोधत, उत्तर न आल्यामुळे लगेच पुन्हा शोधत बसलं होतं. कंट्रोल पॅनेलमधून ते अनइन्स्टॉल केलं आणि पंखा त्याच मिनिटाला खाली आला.

म्हणून वापरात नसलेल्या यंत्राचं सॉफ्टवेअर आधी काढा. बाकीच्यांसाठी टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ किंवा ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ उघडा आणि ज्या नावात अपडेटर, हेल्पर असं काही आहे आणि जे सुरुवातीलाच लागत नाही, त्यावर राइट-क्लिक करून ‘डिसेबल’ करा. ब्राउझरच्या अपडेटला मात्र हात लावू नका. तुमचं सगळं काम, लोकांचे ओटीपी, पैसे भरणं, त्यातूनच होतं. अंगठ्याच्या मशीनची आणि डिजिटल सहीच्या टोकनची सेवाही बंद करू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सही उमटणार नाही.

एक खबरदारी. नावात ‘अपडेट’ असलेलं सगळंच खरं नसतं. फुकट ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून दिलेल्या विंडोजबरोबर दुसऱ्याच्या प्रोसेसरवर क्रिप्टो चलन काढणारे प्रोग्रॅमही येतात आणि ते अशीच नावं घेतात. संशय आला तर यादीतल्या नावावर राइट-क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबा. विंडोजच्या स्वतःच्या बहुतेक फाइली सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज’ फोल्डरच्या आत असतात. विंडोजचं नाव सांगणारी फाइल ‘टेम्प’ किंवा ‘अ‍ॅपडेटा’मध्ये निघाली, तर नेट काढा आणि आधी व्हायरस तपासणी करा. टास्क मॅनेजर उघडताच सीपीयू एकदम शांत होतो आणि बंद करताच पंखा परत सुरू, असं होत असेल तर संशय आणखी पक्का.

ऊन आणि कापूस

पुण्यामुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या सल्ल्यांत हे सापडत नाही, पण जळगाव-भुसावळकडे याचा हिशेब धरावाच लागतो. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायला बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ आणि पत्र्याच्या गाळ्यात त्याहून जास्त. प्रोसेसर ठराविक तापमानाच्या वर गेला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. वेग कमी झाला की तेच अपडेट जास्त वेळ चालतं, जास्त वेळ चाललं की उष्णता कायम राहते. हिवाळ्यात अर्ध्या तासात उरकणारं काम मेमध्ये दीड तास चालतं ते यामुळे. उन्हाळ्यात अपडेट रात्रीच किंवा सकाळी ७ च्या आधी उरका.

दुसरा शत्रू कापसाचा. जिनिंगच्या हंगामात जामनेर, धरणगाव, शहाद्याकडच्या दुकानांत बारीक तंतू हवेत असतात. पंख्याच्या आत, तांब्याच्या जाळीवर त्यांचा पातळ नमदा बसतो. बाहेरून काही दिसत नाही, पण बाजूच्या फटीपुढे हात धरला तर गरम हवा जोरात यायला हवी ती नुसती झुळूकभर येते. हंगाम संपल्यावर एकदा लॅपटॉप उघडून साफ करून घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरायला सांगा, नाहीतर ते वेड्यासारखं फिरून बेअरिंग खराब होतं. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ आत जाते.

मग बंदच का नाही करायचं?

मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये विंडोजमधल्या एका मोठ्या भोकाची दुरुस्ती अपडेटमधून दिली होती. दोनच महिन्यांनी, १२ मे २०१७ ला, वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने त्याच भोकातून जगभरातली मशीन कुलूपबंद केली. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचं काम ठप्प झालं. ज्यांनी मार्चचं अपडेट घेतलं होतं त्यांच्या मशीनमध्ये त्या भोकातून त्याला शिरता आलं नाही. आपल्या मशीनमध्ये गावातल्या लोकांचे आधार, बँक पासबुक, जातीचे दाखले असतात. ते आपल्या भरवशावर दिलेले असतात. पंख्याच्या आवाजासाठी तो भरवसा पणाला लावू नका.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन विंडोज ११ ला चालत असेल तर बदलून घ्या. चालत नसेल तर मशीन बदलेपर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. घरगुती वापरासाठी ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठरली आहे.

मशीनवर उबुंटू असेल तर

काही शाळांत आणि जुन्या मशीनवर विंडोजऐवजी उबुंटू नावाची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिथेही हाच प्रकार वेगळ्या नावाने होतो. ‘सिस्टिम मॉनिटर’ उघडा. ‘पॅकेजकिटडी’ किंवा ‘अनअटेंडेड अपग्रेड’ वर दिसले तर अपडेटचं काम चालू आहे. उबुंटूचं वेळापत्रक सकाळ-संध्याकाळचं असतं आणि त्या वेळी मशीन बंद असेल तर चालू झाल्यावर राहिलेलं काम ते उरकतं, म्हणून इथेही गर्दी सकाळीच. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये ‘अपडेट्स’च्या पानावर तपासणी ‘डेली’ऐवजी ‘वीकली’ करा. लॅबसाठी एवढं पुरतं. काम चालू असताना बटण दाबून मशीन बंद करू नका, पॅकेजं अर्धवट राहतात.

कारागिराला फोन करण्याआधी

एवढं सगळं करूनही प्रोसेसर खाली येत नसेल तर फोन करा, पण हातात कागद घेऊन. टास्क मॅनेजरमध्ये वर असलेलं नाव, त्याच्यासमोरचे सीपीयू, डिस्क आणि नेटवर्कचे तीन आकडे, किती वेळापासून तसं आहे, सी ड्राइव्हवर किती जागा रिकामी आहे, आणि अपडेट हिस्टरीत ‘फेल्ड’ लिहिलेल्या ओळीतला शून्य-एक्सने सुरू होणारा कोड. शक्यतो मोबाइलने त्या स्क्रीनचा फोटो काढा. स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ टाइप करून एंटर दाबलं की एक छोटी चौकट येते, तिच्यात विंडोजची आवृत्ती लिहिलेली असते, तीही टिपून घ्या. एवढी माहिती दिली तर बरीचशी दुरुस्ती फोनवरच होते आणि मशीन जळगावला न्यायची वेळ येत नाही.